प्रिंटर तुमचा, चावी त्यांची

तहसील कचेरीबाहेरचा सातबारा काढून देणारा असो, कोर्टासमोरचा टायपिस्ट असो की कॉलेजच्या बोळातला झेरॉक्सवाला, '१२ए' म्हटलं की त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. १२ए हे एचपीच्या एका लेसर कार्ट्रिजचं नाव. लेसरजेट १०२० आणि एम१००५ या प्रिंटरांत ते बसतं. कॅननच्या एलबीपी २९०० मध्ये बसणारं '३०३' त्याचं सख्खं भावंड, कारण एचपीच्या या प्रिंटरांच्या पोटातलं यंत्र मुळात कॅननचंच. कंपनीच्या हिशेबाने एका कार्ट्रिजमध्ये दोन हजार पानं निघतात. पण महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत दोन हजार पानांनंतर हे कार्ट्रिज फेकून देणारा माणूस शोधावा लागेल.

ते रिफिल होतं. रिफिलवाला टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरतो. कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंच्या बारीक पिना काढतो आणि त्याचे दोन भाग करतो. एका भागात चकचकीत ड्रम असतो, दुसऱ्यात टोनरची टाकी आणि काळा मॅग्नेटिक रोलर. ड्रम उजेडाने खराब होतो, म्हणून तो आधी कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचा. ड्रममागच्या कप्प्यात साठलेली वापरून झालेली पावडर, म्हणजे 'वेस्ट', झटकून टाकायची. वायपर ब्लेड फडक्याने पुसायची. मग टाकीचं प्लॅस्टिकचं बूच उचकटून नरसाळ्याने शंभरेक ग्रॅम नवी पावडर आत सोडायची, बूच दाबायचं, पिना परत ठोकायच्या, कार्ट्रिज आडवं धरून चार-पाच वेळा हलवायचं आणि एक टेस्ट प्रिंट काढायची. हात बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटं लागतात. पानाच्या कडेला काळी रेघ आली तर ड्रम बदलायचा, पान मळकट निघालं तर ब्लेड. दोन-अडीचशे रुपयांत काम होतं; ओरिजिनल नवं घ्यायचं तर कित्येक पट मोजावे लागतात.

हे सगळं शक्य होतं त्याचं कारण एकच. १२ए वर चिप नाही.

त्याच कंपनीच्या नंतरच्या, लेसर १०८ सारख्या स्वस्त प्रिंटरांतलं '११०ए' कार्ट्रिज रिफिलला न्या. पावडर तशीच भरली जाते, पण वर एक नखाएवढी चिप असते आणि तीही बदलावी लागते. जुन्या चिपने प्रिंटरला 'मी संपले' असं सांगून टाकलेलं असतं आणि ती शब्द फिरवत नाही. बाजारात अशा बदली चिपा मिळतात. मात्र प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असेल आणि त्याने रात्रीतून कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं, तर काल चालणारी चिप आज चालेनाशी होते. म्हणून नव्या प्रिंटरचं कार्ट्रिज भरून देताना रिफिलवाले हल्ली एक सल्ला फुकट देतात: अपडेट मारू नका.

आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्राला त्याच्याच कंपनीपासून जपायची ही जी वेळ आली आहे, ती कशी आली, हे पाहायला आधी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जावं लागतं.

तिथल्या लेक्सिंग्टन शहरात लेक्समार्क ही कंपनी होती. आयबीएमने १९९१ मध्ये आपला प्रिंटरचा धंदा वेगळा काढला, त्यातून ती जन्मली. लेक्समार्क आपली लेसर कार्ट्रिजं दोन भावांत विकायची. पूर्ण भावात घेतलं तर तुमचं तुम्ही काहीही करा. सवलतीच्या भावात घेतलं तर एकदाच वापरायचं, संपलं की रिकामं कार्ट्रिज कंपनीलाच परत द्यायचं, दुसऱ्याकडून भरून घ्यायचं नाही. अट खोक्यावर छापलेली. लोक खोकं फाडत, अट खोक्यासकट कचऱ्यात जाई आणि रिकामं कार्ट्रिज रिफिलवाल्याकडे. तेव्हा लेक्समार्कने अट खोक्यावरून उचलून चिपमध्ये घातली. सवलतीचं कार्ट्रिज बाहेरून भरलं की चिप आणि प्रिंटर यांचा सांकेतिक संवाद जुळत नसे आणि प्रिंटर छापायला नकार देई.

नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅनफर्ड गावची स्टॅटिक कंट्रोल ही कंपनी रिफिलवाल्यांना सुटे भाग पुरवायची. तिने लेक्समार्कच्या चिपची हुबेहूब नक्कल करणारी स्वतःची चिप बाजारात आणली. लेक्समार्कने २००२ च्या डिसेंबरात खटला भरला. तो भरला कॉपीराइटच्या कायद्याखाली, आणि यातली चलाखी दाद देण्यासारखी आहे. अमेरिकेने १९९८ साली डिजिटल कॉपीराइटचा एक कायदा केला होता. सिनेमे आणि गाणी यांच्यावरची डिजिटल कुलपं फोडून चोरटी नक्कल करणाऱ्यांना वेसण घालणं हा त्याचा उद्देश. लेक्समार्कचं म्हणणं असं की आमच्या चिपमध्ये आणि प्रिंटरमध्ये संगणकीय प्रोग्रॅम आहेत, प्रोग्रॅमवर कॉपीराइट आहे, चिपचा संवाद हे त्यावरचं कुलूप आहे, आणि स्टॅटिक कंट्रोलने ते फोडलं. म्हणजे सिनेमाच्या पायरसीसाठी केलेला कायदा टोनरच्या पावडरीला लावायचा.

फेब्रुवारी २००३ मध्ये खालच्या कोर्टाला ते पटलं आणि त्याने मनाई हुकूम दिला. ऑक्टोबर २००४ मध्ये अपील कोर्टाने तो उठवला. ज्या प्रोग्रॅमवरून एवढं रामायण झालं तो किती मोठा होता? एका जातीच्या प्रिंटरसाठी ३७ बाइट्स, दुसऱ्या जातीसाठी ५५. निकालपत्रात न्यायाधीशांनी नोंदवलं आहे की वादी आणि प्रतिवादी यांची नावं असलेलं या खटल्याचं शीर्षक टाइप केलं तर तेवढ्या मजकुरालाही त्याहून जास्त जागा लागेल. न्यायमूर्ती सटन यांनी कुलपाच्या मुद्द्यावर म्हटलं ते असं: ज्या घराच्या पुढच्या दाराला कुलूपच नाही, त्याच्या मागच्या दाराला लावलेल्या कुलपाने घरात शिरण्यावर नियंत्रण येतं असं कुणी म्हणणार नाही. प्रिंटर विकत घेणारा कोणीही त्यातला प्रोग्रॅम सरळ वाचू शकत होता. मग चिपने अडवलं काय? अडवलं फक्त स्वस्त कार्ट्रिज.

लेक्समार्क थांबली नाही. कॉपीराइट नाही तर पेटंट. सवलतीचं कार्ट्रिज अट मोडून पुन्हा भरणं हा आमच्या पेटंटचा भंग, असा दावा तिने वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीवर चालवला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० मे २०१७ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकाल दिला: वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क तिथेच संपतो, खोक्यावर काहीही छापा. करारभंग झाला असेल तर ग्राहकावर करारभंगाचा दावा करा. पेटंटचा दंडुका उगारता येणार नाही. वस्तू अमेरिकेत विकली की परदेशात, यानेही फरक पडत नाही.

कागदोपत्री ग्राहक जिंकला. पण या साऱ्या धुमश्चक्रीचा शेवट कोर्टाबाहेर झाला आणि तो कुठल्याही कादंबरीकाराला सुचला नसता. चीनमधल्या झुहाई शहरात एपेक्स नावाची कंपनी होती, नंतर तिचं नाव नाइनस्टार झालं. तिचा धंदा काय, तर इतर कंपन्यांच्या प्रिंटरांत चालतील अशा कार्ट्रिज-चिपा बनवणं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लेक्समार्क पंधरा वर्षं कोर्टात भांडली, त्याच जातीची. या एपेक्सने २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली. आणि २०१६ मध्ये एपेक्सच्याच पुढाकाराने चिनी गुंतवणूकदारांनी मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर मोजून खुद्द लेक्समार्क घेतली. वादी आणि प्रतिवादी एकाच मालकाच्या घरात नांदू लागले. पुढे २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने सक्तीच्या मजुरीसंबंधीच्या कायद्याखाली नाइनस्टारला काळ्या यादीत टाकलं, आणि आता लेक्समार्क झेरॉक्सच्या ताब्यात गेली आहे. चिपने अडवणारे आणि चिपची नक्कल करणारे यांच्यात तत्त्वाचं भांडण होतं असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा वंशवृक्ष भिंतीवर लावावा.

कोर्टात वाट बंद होत असतानाच कंपन्यांच्या लक्षात आलं की कोर्टाची गरजच नाही. रिफिल करणं बेकायदा ठरवता येत नसेल तर ते अशक्य करावं. प्रिंटर इंटरनेटला जोडलेले होतेच.

१३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या ऑफिसजेट जातीच्या असंख्य प्रिंटरांनी जगभर एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिजं नाकारली. आदल्या दिवशीपर्यंत ती बिनतक्रार चालत होती. पडद्यावर संदेश काय यावा? कार्ट्रिज खराब झालेलं दिसतंय, नवं घाला. कार्ट्रिज ठणठणीत होतं. हा नकार आधीच पाठवून ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेसह दडवलेला होता, हे नेदरलँड्समधल्या एका शाई विक्रेत्याने शोधून काढलं. कंपनीने या सोयीला नाव दिलं होतं 'डायनॅमिक सिक्युरिटी'. सुरक्षा कुणाची, ते नावात नाही. लेखक कोरी डॉक्टरोव यांनी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनतर्फे कंपनीच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं, बोंब उठली, आणि महिना संपायच्या आत कंपनीने नीट कळवलं नाही म्हणून माफी मागितली आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी कुलूप काढणारं सॉफ्टवेअर दिलं. माफी कळवण्याबद्दल होती, अडवण्याबद्दल नव्हती. अमेरिकेत १५ लाख डॉलरची तडजोड झाली. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाच्या दट्ट्यामुळे बाधित ग्राहकांना पन्नास-पन्नास डॉलर मिळाले. इटलीच्या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये एक कोटी युरोचा दंड ठोकला. ग्राहकाला खरेदीपूर्वी ही मर्यादा स्पष्ट सांगितली नाही हा एक ठपका.

दंडाचे हे आकडे मोठे वाटतात, पण त्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०२३ च्या आर्थिक वर्षात एचपीच्या छपाई विभागाचा महसूल सुमारे १८ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ११ अब्जांहून जास्त शाई, टोनर अशा 'सप्लाइज'मधून आलेले. प्रिंटर हे निमित्त आहे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत ते लपवलंही नाही. ग्राहक प्रिंटर घेतो तेव्हा आम्ही त्याच्यावर गुंतवणूक करतो. त्याने पुरेसं छापलं नाही किंवा आमची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाया गेली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. दुकानातून खोकं उचलून आणताना आपण गिऱ्हाईक आहोत असं आपल्याला वाटतं. तिकडे हिशेबाच्या वहीत आपण ठेव आहोत आणि व्याज थकवतो आहोत.

त्याच मुलाखतीत त्यांनी दुसरा मुद्दाही मांडला: बाहेरच्या कार्ट्रिजच्या चिपमधून प्रिंटरमध्ये व्हायरस शिरू शकतो. कंपनीने पैसे देऊन करवलेल्या तपासणीत हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं होतं, हे खरं. पण शाईच्या डबीला प्रिंटरशी बोलणारी चिप मुळात लावली कुणी? चिपच नसती तर चिपमधून काय शिरलं असतं?

चिप खरोखर किती गरजेची, याचा निवाडा त्याआधीच निसर्गाने करून ठेवला होता म्हणायचं. करोनानंतर जगभर चिपांचा दुष्काळ पडला. कॅननला आपल्याच टोनर कार्ट्रिजांवर लावायला चिपा मिळेनात. मग कंपनीने चिपांविना कार्ट्रिजं विकायला काढली, आणि साहजिकच कॅननची ऑफिसातली यंत्रं कॅननचीच ओरिजिनल कार्ट्रिजं परकी समजून धोक्याचे इशारे देऊ लागली. तेव्हा २०२२ च्या जानेवारीत कॅननच्या जर्मन शाखेने ग्राहकांना स्वतः सूचना दिल्या: संदेश आला तर घाबरू नका, 'ठीक आहे' दाबून पुढे जा, छपाईत काही फरक पडत नाही, फार तर टोनर किती उरलाय ते नीट दिसणार नाही. रिफिलवाले वर्षानुवर्षं हेच सांगत होते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. प्रिंटर उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहून कमी भावात विकायचा आणि शाईवर कमवायचं, या हिशेबात कमी छापणाऱ्याला स्वस्त प्रिंटर मिळतो, हे खरं. वाईट पावडरीने ड्रम खरवडला जातो, गळक्या शाईने यंत्र बरबटतं, हेही रिफिलवालाच तुम्हाला सांगेल. आणि नकली मालाचा प्रश्न खरा आहे: कंपनीचं खोकं, कंपनीचा होलोग्राम, आत भलतीच पावडर, भाव मात्र ओरिजिनलचा. ती फसवणूक आहे आणि ती पोलिसांनी पकडलीच पाहिजे. पण रिफिलवाला तुम्हाला फसवत नाही. तुमचंच कार्ट्रिज तो तुमच्यासमोर उघडतो आणि हे रिफिल आहे असं सांगूनच पैसे घेतो. 'डुप्लिकेट' या एका शब्दाखाली या दोघांना एकत्र कोंबण्यात कंपन्यांचं हित आहे, आपलं नाही.

आता शाईच्या, म्हणजे इंकजेटच्या बाजूला येऊ. इथे गोष्ट वेगळी घडली आणि ती आशियात घडली.

इंकजेटची लहान कार्ट्रिजं हा तर लेसरपेक्षा वाईट सौदा. एका डबीत बहुधा दहा मिलीलिटरहूनही कमी शाई, आणि शेदोनशे पानांत ती डबी उलथी. म्हणून आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंनी, झेरॉक्सवाल्यांनी जुगाड केला. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या चार बाटल्या, त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या थेट आतल्या हेडपर्यंत, आणि झाकण पूर्ण लागत नाही म्हणून खालून अडकवलेला खडू किंवा पुठ्ठ्याचा तुकडा. इंडोनेशियातही हेच चाललं होतं, इतकं की दुकानदार नवा एप्सन प्रिंटर नळ्या-बाटल्या जोडूनच विकायचे. एप्सनने चिपा आवळून पाहिल्या असत्या तर कदाचित तो बाजारच हातचा गेला असता. २०१० मध्ये कंपनीने इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला: प्रिंटरची किंमत जास्त, शाई बाटलीत आणि स्वस्त. तो मग भारतात आला. कॅनन आणि एचपीनेही टाक्या काढल्या. आज आपल्या दुकानांत दिसणारी एप्सनची '००३' नंबरची काळी बाटली ६५ मिलीलिटरची असते आणि कंपनीच्या हिशेबाने साडेचार हजार पानं देते. किंमत काही शे रुपये. शाई स्वस्त देणं अशक्य आहे, असं ज्या कंपन्यांचा हिशेब सांगत होता, त्यांनीच ती दिली. कायद्याने नव्हे, खडूचा तुकडा लावणाऱ्यांनी ते करायला लावलं.

टाकीवाल्यांतही मेख आहेच. हेड साफ करताना वाया जाणारी शाई खाली एका स्पंजमध्ये मुरते. प्रिंटर ती मोजत असतो. मोजमाप ठरावीक आकड्याला पोचलं की दिवे लुकलुकतात आणि छपाई बंद, सर्व्हिस सेंटर गाठा. स्पंज भरून वाहू नये हा हेतू बरोबर. पण बऱ्याच मॉडेलांत स्पंज धुऊन-वाळवून मोजणी शून्यावर आणण्याचा मार्ग ग्राहकाला दिला नाही. म्हणून गल्लीतला दुरुस्तीवाला पेनड्राइव्हवर 'रिसेटर' घेऊन फिरतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? अमेरिकेपेक्षा बरंच समंजस काहीतरी. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप फोडणं हा गुन्हा, पण केव्हा? कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने फोडलं तर. टोनर भरायला चिप बदलणाऱ्याचा कुणाच्या साहित्यकृतीची चोरी करण्याचा हेतू नसतो. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड केला तोही याच जातीच्या दुखण्यावर: सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. त्यावर अपिलं झाली, पण एकदा गाडी घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या सुट्या भागांच्या बाजारात कोंडला जातो, हे आयोगाने मान्य केलं. प्रिंटर घेतलेल्याची कोंडी याहून वेगळी नाही. ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत तर 'कार्ट्रिजसह प्रिंटर' असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सरकारच्या लेखी रिकामं कार्ट्रिज हा ई-कचरा. तो पाच-सात वेळा भरून वापरणारा माणूस कचरा कमी करतो, आणि ते रोखणारी चिप कचरा वाढवते, असा सरळ निष्कर्ष निघतो. नियमांत मात्र त्या चिपबद्दल अवाक्षर नाही.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली. पोर्टलवर माहिती आहे. कंपन्यांना बांधील करणारा स्वतंत्र कायदा नाही. असा कायदा झाला तर माझ्या मते त्यात एक कलम एवढंच हवं: विकून झालेल्या वस्तूची आधीची कुवत कंपनीने मालकाला विचारल्याशिवाय दुरून काढून घेऊ नये. ते प्रिंटरला लागू, ट्रॅक्टरलाही लागू. अमेरिकेत २०२५ मध्ये एका खटल्याच्या तडजोडीत एचपीने काही ठरावीक लेसर मॉडेलांच्या मालकांना असा अपडेट नाकारण्याची मुभा दिली. सामान्य मालकांना पैसे मिळाले नाहीत. खटला लढवून जे मिळालं ते 'नको' म्हणायचं बटण.

तोवर दिवाळीच्या सेलमध्ये प्रिंटर घेणार असाल तर खोक्याची बारीक अक्षरं वाचा. फक्त कंपनीची चिप असलेली कार्ट्रिजंच चालतील आणि अपडेटने इतर कार्ट्रिजं बंद पडू शकतात, अशा अर्थाची ओळ एचपीच्या बऱ्याच खोक्यांवर आता असते. प्रिंटरची किंमत विचारण्याआधी एका कार्ट्रिजची किंमत आणि त्यात निघणारी पानं विचारा, आणि भागाकार दुकानातच करा. घरच्या कामाला टाकीवाला बरा, फक्त आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा, नाहीतर हेड सुकतं. अपडेट आपोआप होण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. आणि चालतं कार्ट्रिज एखाद्या सकाळी अचानक 'खराब' ठरलं, तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, बिल शोधा आणि तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.